तोंडाला कळू न देता

आतल्या खोलीतून टक् असा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. दुपार होती. सगळी इमारत जेवून सुस्तावली होती, गळका नळसुद्धा गप्प होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती लेकीच्या, मुंगीच्या, बॅले नाचाच्या मऊ बुटांना इलॅस्टिक शिवत होती. वर्गाला जायच्या आधीचा एवढाच काय तो वेळ तिच्या मालकीचा, आणि तोही असा कुणाच्या तरी बुटात जायचा. आवाज भांड्याचा नव्हता. खेळण्याचाही नव्हता. लाकडावर लाकूड आपटावं तसा होता, पण कोरडा नव्हता. त्याच्या आत काहीतरी जिवंत होतं. मूल असलेल्या घरात पडण्याचा आवाज कधी एकटा येत नाही. आधी धप्प, मग आत ओढलेला श्वास, आणि मग भोंगा. त्या मधल्या श्वासातच आई अर्ध्या वाटेवर पोचलेली असते, आणि भोंग्याच्या सुरावरून तिला कळतं, जीव मुठीत धरून धावायचं की बसल्या जागेवरून ‘अगं अगं, काय झालं’ म्हणायचं. ती भोंग्याची वाट पाहत राहिली. भोंगा आला नाही. शेजारी कुणीतरी खुर्ची सरकवली, रस्त्यावर एक मोटार सुरू होता होता बंद पडली, आणि तरी भोंगा आला नाही. शेवटी त्या शांततेनेच तिला दंडाला धरून उठवलं.

मुंगी कपाटाच्या मुठीला धरून उभी होती. खालचा खण उघडा होता. पायांत आईचे जुने, कडक टोकाचे बूट. ते बसावेत म्हणून आत मोज्यांचे बोळे कोंबलेले, आणि फिती घोट्यापासून थेट गुडघ्यापर्यंत, जखमेला पट्टी गुंडाळावी तशा कशाही गुंडाळलेल्या. शेजारचं स्टूल उभंच होतं. म्हणजे आवाज स्टुलाचा नव्हता. आणि मुंगी हसत होती. हनुवटी किंचित वर, ओठांचे कोपरे सारखे उचललेले, डोळे मोठे, नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून जरा पलीकडे, जणू तिथे शेवटच्या रांगेतला प्रेक्षक बसलाय. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. घरातल्या इस्त्रीइतकं, ताटल्यांइतकं ओळखीचं. ते तिनेच शिकवलं होतं.

“काय पडलं गं?”

“काही नाही.”

“तू पडलीस?”

“पडले नाही काही. उतरले.”

“कुठून?”

“टोकावरून,” मुंगी म्हणाली, आणि हसू तसंच ठेवून तिने एक नाकपुडी वर ओढली. रडण्याआधी ओढतात तशी. किंवा सर्दी असल्यावर ओढतात तशी.

तिने खाली बसून फिती सोडवल्या. रागवायचं होतं, ओरडायचं होतं, कितीदा सांगितलंय त्या खणाला हात लावायचा नाही म्हणून, पण राग घशापर्यंत येऊन भीतीत विरघळून जात होता. या वयात पायाची हाडं अजून हाडं झालेली नसतात. कूर्चेचे मऊ तुकडे असतात, हळूहळू घट्ट होत जाणारे. म्हणून तर नाचाच्या शाळेत बाई स्वतःच्या हातांनी पाय चाचपून पाहिल्याशिवाय कुणालाही कडक बूट घालू देत नाहीत. मोठ्या मुलींनासुद्धा नाही. तिने उजवा पाय मांडीवर घेतला. गरम, जरासा घामेजलेला, टाचेला शाईचा डाग. सूज नव्हती. निळं काही नव्हतं. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. इथे? तिने घोट्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला, आणि मुंगी “नाही” म्हणाली, पण तिच्या दुसऱ्या पायाची, मोकळ्या पायाची बोटं आतल्या आत वळली. गुदगुल्या झाल्या असतील. मुंगीला गुदगुल्या फार होतात. तिने मान वर करून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त ते हसू होतं, धुऊन वाळत घातल्यासारखं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो चष्म्याच्या दुकानात असतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काचा पुसत बसतो. मुंगीला मुंगी हे नाव त्यानेच ठेवलेलं, कारण ती चालायला लागली तेव्हा भिंतीच्या कडेकडेने, रांगेत असल्यासारखी चालायची.

“सुजलाय का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“चालतेय का?”

“चालतेय.”

“रडतेय का?”

“नाही ना! तेच तर म्हणतेय मी.”

“अगं बाई,” तो म्हणाला, “पोर रडत नाही म्हणून घाबरून फोन करणारी आई मी पहिल्यांदाच पाहतोय. दुखत असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.”

“ती घेत नाही घर डोक्यावर. शेवटचं कधी घेतलं होतं, आठवतंय तुला?”

पलीकडे काच पुसल्याचा कुचकुच आवाज थांबला. “तुझ्यावर गेलीय,” तो म्हणाला, “तूसुद्धा कुठे सांगतेस काही. हे बघ, संध्याकाळी बघू. आणि ते बूट माळ्यावर टाक.”

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं, आणि त्या गप्पपणात तिला एकेक गोष्टी आठवायला लागल्या, कुणी न बोलावता, दारात येऊन उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांसारख्या. लस टोचायला नेलं होतं तेव्हा परिचारिका म्हणाली होती, अशी शहाणी मुलगी मी आयुष्यात पाहिली नाही, आणि तिने ते कौतुक पर्समध्ये घालून घरी आणलं होतं. दात काढला तेव्हा. शेजारणीच्या दारात बोट चेमटलं तेव्हा. नख काळं पडलेलं अंघोळीच्या वेळी दिसलं, आणि मुंगी म्हणाली होती, ते कधीचंच आहे. कधीचंच म्हणजे कधीचं? अंगात ताप होता आणि पोरगी दिवसभर शाळेत बसून आली होती. हे सगळं अभिमानाचं म्हणून तिने मनात नीट घडी घालून ठेवलं होतं, आणि आता एकेक घडी उलगडली की आतून भलतंच काहीतरी निघत होतं. जी दुखणी कळली ती ही. जी कळलीच नाहीत ती किती? शाळेत कुणी ढकलतं का तिला? कुणी चिमटे काढतं? खिडकीशेजारच्या बाकावर बसते म्हणते, तिथे शेजारी कोण बसतं? ज्या घरात आपण सहा वर्षं राहतोय त्या घरात एक बंद खोली आहे आणि आपल्याला ठाऊकच नव्हती, असं तिला झालं.

या सगळ्याच्या मुळाशी बाईंचं एक वाक्य होतं. पायाची गोष्ट तोंडाला कळता कामा नये. ती स्वतः मुंगीपेक्षा थोडी मोठी असताना, टायरच्या दुकानावरच्या त्या लांबोळक्या खोलीत पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा बाईंनी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरून हे सांगितलं होतं. वर जायचा जिना लोखंडी, आणि खालून रबराचा वास असा दाट यायचा, की घरी गेल्यावर आई तिचे केस हुंगून म्हणायची, आलीस का चाकं बदलून. बाई तेव्हाही म्हाताऱ्याच वाटायच्या. आखूड केस, गळ्यात शिट्टी, हातात पट्टी. पट्टी कुणाला मारायची नाही, फक्त गुडघ्यामागे टेकवायची. त्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात तिचं पाऊल जिन्यात मुरगळलं, आणि ती कुणाला बोलली नाही. नाचली. पडदा पडल्यावर बाईंनी तिचा बूट काढला, पाय पाहिला, आणि सगळ्या मुलींसमोर तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बाईंनी कधी कुणाचं चुंबन घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पाय प्लास्टरात गेला. पण ते आठवतच नाही तितकंसं. आठवतात ते बाईंचे कोरडे ओठ. आणि मग मोठी झाल्यावर, बाईंच्या हाताखाली लहान मुलींचा वर्ग घ्यायला लागल्यावर, तिनेही मुलींच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली. आपल्या मुलीच्या हनुवटीखालीही. त्या वेळी मुंगीला अजून धड र म्हणता येत नव्हता.

खरं तर तिथूनच दवाखान्यात जायला हवं होतं. हे तिला नंतर इतकं लख्ख दिसलं, की आधी कसं दिसलं नाही याचंच तिला भय वाटलं. पण त्या दुपारी तिने जे केलं ते तिच्यासारखीलाच सुचावं. ती मुंगीला वर्गाला घेऊन गेली. तोंड वाचता येत नाही, पण पाय? पाय तिला वाचता येत होता. आयुष्यभर तिने दुसरं काय केलं होतं? पोटरी कुठे धरते, घोटा कुठे कलतो, वजन कोणत्या बोटावर जातं. सरावाच्या आडव्या दांड्याशी उभ्या असलेल्या मुलीला सकाळी घरी ओरडा बसलाय का हेसुद्धा तिला गुडघ्यावरून कळायचं. दांड्याशी उभी राहू दे, तिने मनाशी म्हटलं, म्हणजे कळेलच. दुखत असेल तर पाय सांगेलच. पाय दुखतोय का हे पाहायला तिने पोरीला नाचायला नेलं.

रस्ताभर ती मुंगीच्या मागून चालली. मुंगी पुढे, पाठीवर पिशवी, फरशांच्या रेषांवर पाय न देता. उड्या मारत नव्हती. पण ती नेहमी उड्या मारते का? तिने आठवून पाहिलं आणि तिला आठवेना. रोज जिच्याबरोबर हा रस्ता चालते ती पोरगी उड्या मारते की नाही, हे तिला सांगता येईना. सिग्नलपाशी एका बाईने मुंगीकडे पाहून म्हटलं, “किती गोड हसते हो तुमची मुलगी,” आणि तिला वाटलं, त्या बाईचा हात धरावा, आणि विचारावं, तुम्हाला नक्की काय दिसतंय?

जिना चढताना मुंगीने कठडा धरला.

वर खोलीत नेहमीसारखं सगळं चालू होतं. मुली घसरू नये म्हणून राळेच्या पेटीत बूट घासत होत्या, राळेचा तो कुरकुरीत आवाज, दातांखाली साखर आल्यासारखा. कोपऱ्यात मास्तर पियानोशी बसून संत्रं सोलत होते. गेली कित्येक वर्षं तेच वाजवतात आणि सुरुवातीला बोटं गरम करायची म्हणून काहीतरी सोलतात. आरशाच्या शेजारच्या भिंतीवर बाईंची चित्रं. थोर नाचणाऱ्यांचं एकही नाही. एका पायावर उभा बगळा, कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापलेला. उंच बांधकामावर लोखंडी तुळईवरून चालणारा मजूर. खिडकीच्या गजाला अडकून फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी; हा फोटो मास्तरांनी काढलेला. नाच नाचणाऱ्यांकडून शिकलात तर नक्कल येईल, बाई म्हणायच्या, नाच पिशवीकडून शिका. म्हणून दर शनिवारी दांड्याचे व्यायाम झाले, की एकेका मुलीला मधे बोलवायचं आणि विचारायचं, “काय पाहिलंस?” तोंडाने सांगायचं नाही. करून दाखवायचं. आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट. उतू जाणारं दूध, लिफ्टमध्ये अडकलेला लठ्ठ माणूस, काहीही. त्यातलं जे बाईंना भावेल ते त्या उचलायच्या, आणि त्यातून वर्षाचा कार्यक्रम उभा राहायचा. यंदाचा कपड्यांच्या दोरीवर होता, आणि पहिली सुटणारी चादर मुंगी होती. सगळ्यांत लहान म्हणून.

“उजवा हात दांड्यावर,” बाई म्हणाल्या. “उजवा म्हणजे जेवायचा नाही, उजवा म्हणजे उजवा. डावखुऱ्यांनी बहाणे करू नयेत.” मुली फिसकन हसल्या. डावं-उजवं चुकलं की बाईंच्या वर्गात मनगटाला लोकर बांधतात, आणि ती लोकर घेऊन घरी जायचं म्हणजे मरण. मुंगीला कधी लोकर लागली नव्हती.

ती खिडकीशी उभी राहिली आणि लेकीचा उजवा पाय पाहायला लागली. मास्तरांनी हात पुसले. गुडघे मुडपून खाली, पुन्हा वर. पाय पुढे सरकवा, टोकापर्यंत, परत. बाजूला. मागे. आणि मुंगीचा पाय सुंदर होता. तिला नुसतं पाहत राहावं लागलं इतका सुंदर. एरवी ही पोरगी दांड्याशी उभी असली की खिडकीबाहेर बघते, शेजारणीच्या वेणीला हात लावते, मोजे ओढते, नाक खाजवते. पाय येतो, पण उरल्यासुरल्या वेळात. आज तिचं एक बोट इकडचं तिकडे होत नव्हतं. घोटा सरळ. वजन नेमकं.

“बघा,” बाई थांबून म्हणाल्या. त्यांनी पट्टी मुंगीच्या पायाकडे रोखली. “ही एवढीशी टिकली बघा आणि मोठ्या घोड्यांनो, लाजा. काय खाल्लंस गं आज?”

“काही नाही, बाई.”

“मग रोज काही खात जाऊ नकोस.”

सगळे हसले. ती हसली नाही. मूल इतकं नीट कधीच नसतं. इतकं नीट आपण कधी असतो? काचेचं भांडं भरून घेऊन चालतो तेव्हा. ज्या पायाकडून ती उत्तर मागायला आली होती त्या पायालाही या पोरीने हसायला शिकवलं होतं. मुंगीच्या ओठांभोवती एक बारीक पांढरी रेघ उमटली होती, दूध पिऊन पुसायचं राहिल्यासारखी. की ऊन तसं पडलं होतं? तिने डोळे मिटून उघडले. ओरडावंसं वाटलं, थांबवा, आणि ओरडता येईना, कारण कशासाठी थांबवा याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पुरावा काय? दुसऱ्या पायाची वळलेली बोटं. एक नाकपुडी. बाईंसमोर ती अजूनही तीच मुलगी होती, कपाळावर चुंबन मिळवलेली; अशा मुलीने आपल्या लेकीचं रडगाणं घेऊन पुढे जायचं, तेही लेक रडत नसताना?

मग बाईंनी खुर्ची ओढली. “चला. काय पाहिलंत?”

एक उंचशी मुलगी मांजर झाली. एकीने छत्री उलटी होताना दाखवली आणि खरीच आपटली, टाळ्या मिळाल्या. मग बाईंनी बोट केलं आणि मुंगी मधे आली. मास्तरांनी हलकेच सूर धरला, कुठलाच नसलेला, वाट पाहणारा.

मुंगी जमिनीवर आडवी झाली. डोळे मिटले. मग उघडले, आणि कुणाला जाग येऊ नये तशी हळूच उठून बसली. पाय खाली सोडले. एक पाय टेकवला. दुसरा टेकवताना सगळं अंग एकदम वर खेचलं गेलं, तापलेल्या वाळूवर पाय पडल्यासारखं. हात पुढे करून तिने हवेतली भिंत धरली. एक पाऊल. थांबली. खालचा ओठ दातांत. दुसरं पाऊल, टाचेवर, खांदा वाकडा. पुन्हा भिंत. कुठल्याशा उंच जागेवरून काहीतरी जड उतरवलं, नळ सोडला, आणि नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली, मान खाली घालून, खूप वेळ. मुली खुदखुदायला लागल्या होत्या. मग मुंगीने एकदम मान वळवली, दाराकडे, जणू तिथे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. आणि हनुवटी किंचित वर गेली, ओठांचे कोपरे उचलले गेले, डोळे मोठे झाले.

खोली हशाने भरून गेली. बाईंनी मांडीवर थाप मारली. “अगं, हे काय गं! कोण ही? कुठली म्हातारी?”

“म्हातारी नाही,” मुंगी म्हणाली. “आई आहे. सकाळची.”

पियानो थांबला. मुलींनी वळून खिडकीकडे पाहिलं, काही अजून हसत होत्या. तिच्या चेहऱ्यावर ते हसू आपोआप आलं. आपण ते आणलं नाही हे तिला जाणवलं, जसं कुणी नाव घेतलं की मान वळते तसं ते आलं. डाव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा. किती महिने झाले. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं भिंतीला धरून टाकायची, नळाच्या गार पाण्याखाली मनगटं धरली की जरा बरं वाटतं, मग दिवस निघतो. नवऱ्याला माहीत नव्हतं. बाईंना तर नाहीच. बाई मोठ्या मुलींचा वर्ग तिच्या हातात द्यायचं म्हणत होत्या. कुणालाच माहीत नाही असं समजून ती रोज पहाटे स्वयंपाकघरात जात होती, आणि दारात ही उभी असायची. हिने तिथे पाहिलं होतं. ते हसू हनुवटीखालच्या दोन बोटांनी नव्हतं शिकवलेलं. त्या दारात शिकली होती.

लाज वाटली, तोंडावर कुणीतरी गरम वाफ धरावी तशी. पण लाजेच्या मागून आणखी काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे ते तिला पटकन धरता येईना. काहीतरी चुकलं होतं. सगळं हुबेहूब होतं, खांदा, ओठ, नळ, आणि तरी एक गोष्ट चुकली होती. तिने डाव्या अंगठ्यावर वजन दिलं, दुखलं, आणि मग तिला दिसलं. तिचा डावा. मुंगी उजव्या पायाने लंगडत होती. जिच्या मनगटाला कधी लोकर लागली नाही, जी रोज पहाटे पाहत होती, ती पाय चुकणार नव्हती. मुंगी उजव्या पायाने लंगडली होती, कारण उजवाच लंगडायचा होता. दुपारपासून. जिन्यात, रस्त्यावर, दांड्याशी, सबंध वेळ तो पाय लंगडायची जागा शोधत होता, आणि जगात तेवढी एकच जागा होती जिथे त्याला परवानगी होती: बाईंनी ‘काय पाहिलंस’ विचारल्यावर, दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून.

ती धावली. राळेची पेटी लवंडली. तिने मुंगीला उचललं, आणि उचलताना लेकीच्या अंगातलं सगळं बळ एकदम सुटल्यासारखं झालं. पोरगी ओल्या कपड्यासारखी खांद्यावर पडली.

“अगं, हे काय चाललंय?” बाई उठल्या. “पोरींनी चेष्टा केली म्हणून एवढं...”

“तिचा पाय मोडलाय, बाई.”

“मोडलाय? आत्ता दांड्याशी होती ती! मी स्वतः पाहिलं. मुंगी, बाळा, दुखतंय का तुला?”

“नाही, बाई,” मुंगी खांद्यावरून म्हणाली, आणि तिच्या मानेला लेकीचा गाल वर उचलला गेल्याचा स्पर्श झाला. ती हसत होती.

“ऐकलंस?”

“तेच तर,” ती म्हणाली. “तेच तर, बाई. कसं ऐकायचं हिचं?”

बाईंचा हात हवेत थोडा वर आला होता, दोन बोटं पुढे, हनुवटी शोधत असल्यासारखा. मग तो खाली गेला. ती जिन्याशी पोचली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, समजूत घालणारा, प्रेमाचा, आणि त्या प्रेमानेच तिच्या अंगावर काटा आला. “घाबरू नको म्हणावं तिला. तिची जागा मी कुणाला देत नाही.”

टॅक्सीत मुंगी मांडीवर होती. ती लेकीचा चेहरा स्वतःकडे वळवायची, आणि तो पुन्हा खिडकीकडे वळायचा. “रडलीस तरी चालेल हं,” तिने सांगून पाहिलं. मुंगीने मान डोलावली, शिक्षिका काही सांगते तेव्हा डोलावतात तशी, समजलं म्हणून. पण रडली नाही. “ओरड हवं तर. इथे कुणी नाहीये.” मुंगीने ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं. “ते आहेत ना,” ती कुजबुजली. ड्रायव्हर म्हणाला, “माझी काळजी नको, बेटा, मला घरी तीन आहेत,” आणि मुंगीने त्यालाही हसून दाखवलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाक सर्दीने लाल झालेलं, टेबलावर रुमालांचा ढीग. मोजा कापून काढला तेव्हा आत घोट्याखाली सूज होती, दुपारी नव्हती ती, चकचकीत, आणि तिच्या कडेने जांभळं उतरायला लागलं होतं. एवढं सगळं एवढ्याशा मोज्यात, सबंध वर्गभर.

“अरे वा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या पायावर तू चालत आलीस?”

“नाचले,” मुंगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे, आईकडे, एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते तिने वाचायचा प्रयत्न केला नाही. “फोटो काढायचाच आहे,” त्या म्हणाल्या, “पण त्याआधी मला कळायला हवं नक्की कुठे ते. नुसत्या सुजेवरून कळत नाही. ऐक हं, राणी. मी हळूहळू दाबत जाणार. बोलायचं काही नाही. फक्त जिथे दुखेल तिथे तोंड वाकडं करायचं. एवढंच तुझं काम. करशील?”

मुंगीने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि पाय हातात घेतला. पहिल्या दाबाला मुंगीची हनुवटी वर गेली. दुसऱ्या दाबाला डोळे मोठे झाले. तिसऱ्याला तिच्या कपाळावर घाम उभा राहिला, थेंब थेंब, आणि ओठांचे कोपरे थरथरत वर गेले आणि वरच राहिले.

“अगं, हसतेस काय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इथे नाही दुखत? खरंच? सांग ना, बाळा, नाहीतर मला कसं कळणार?”

मुंगीच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला. पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. ती प्रयत्न करत होती. भुवया हलल्या, ओठ एकदा डावीकडे गेले, एकदा उजवीकडे, नवीन पाऊल शिकताना पाय जातात तसे, आणि दरवेळी ते घसरून पुन्हा त्याच जागी, त्याच हसण्यात येऊन थांबत होते. मग तिने आईकडे पाहिलं. डोक्यावरून पलीकडे नाही, डोळ्यांत. वर्गात एखादी गोष्ट जमेना की पाहायची तसं.

“आई,” तिने विचारलं, “दुखतं तेव्हाचं तोंड कसं करतात? एकदा करून दाखव ना.”